पडद्यावरचा चेंडू आणि सभागृहाचा गळा

झाशीचा आणि कार्टूनचा संबंध काय, असा प्रश्न ही पुस्तिका हातात घेणाऱ्याला पडणारच. संबंध आहे, पण तो एका माणसामार्फत आहे आणि तो माणूस सावंतवाडीकडचा. वसंत देसाई. सोहराब मोदींनी १९५३ साली 'झाँसी की रानी' काढला. भारतातला पहिला टेक्निकलर चित्रपट म्हणून त्याची नोंद होते. कॅमेऱ्यासाठी थेट 'गॉन विथ द विंड'चे अर्नेस्ट हॅलर आणले होते, राणी झाली मेहताब, राजगुरू स्वतः मोदी. पैसा पाण्यासारखा ओतला आणि चित्रपट आपटला. त्याचं संगीत देसाईंचं होतं. पुढे एकवीस वर्षांनी याच देसाईंनी सात मिनिटांच्या एका सरकारी कार्टूनला चाल दिली. 'एक अनेक और एकता'. आज झाशीच्या इलाइट चौराह्यावर उभं राहून पन्नाशीच्या आतबाहेरच्या कुणालाही विचारा. मोदींच्या भव्य चित्रपटातलं एक गाणं सांगताना तो डोकं खाजवेल, आणि त्या कार्टूनचं गाणं मात्र कडव्यासकट म्हणून दाखवेल, तेही चालीत.

एवढ्या एका गोष्टीसाठीसुद्धा ही पुस्तिका निघायला हवी होती.

आमच्याकडे, म्हणजे झाशीतल्या मराठी मंडळींच्या गणेशोत्सवात, एक संध्याकाळ मुलांच्या नावाने राखलेली असते. इथली मराठी घरं दोन तऱ्हांची. काही झाशीच्या नेवाळकर राजांच्या वेळेपासून इथेच राहिलेली, आणि बरीचशी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रेल्वे आणि तिचं वर्कशॉप आल्यावर आलेली. मुलं घरात मराठी बोलतात, उंबऱ्याबाहेर हिंदी, आणि चिडली की बुंदेली. त्यांना घेऊन मराठी नाट्यछटा बसवायची म्हणजे आयोजकांच्या तोंडाला फेस. (गंगाधरराव नेवाळकरांची या गावात नाटकशाळा होती, राजे नाटकवेडे होते, ही गोष्ट अशा वेळी कुणीतरी सुस्कारा टाकून काढतंच.) त्यावर उपाय म्हणून कुणीतरी जुनी गाणारी कार्टून दाखवायला सुरुवात केली, आणि मग ती संध्याकाळ लोक चुकवेनासे झाले. पुढच्या पानांत जी टिपणं आहेत ती त्या संध्याकाळींतून जमलेली. प्रत्येक कार्टून कधीचं, कुणाचं, आणि आज ते चालतं की नाही. संपादकांनी मला प्रस्तावना सांगितली ती 'विषयाची ओळख करून द्या' म्हणून. ओळख करून देतो, पण मत लपवणार नाही.

सभागृहातल्या सगळ्यांनी मिळून गावं म्हणून मुद्दाम काढलेली कार्टून मूळची न्यूयॉर्कची. मॅक्स फ्लायशर हा १८८३ साली क्राकाव्हमध्ये जन्मलेला, लहानपणीच अमेरिकेला गेलेला माणूस. त्याने आणि त्याचा भाऊ डेव्ह याने १९२४ साली 'साँग कार-ट्यून्स' नावाची मालिका सुरू केली. पडद्यावर गाण्याची ओळ येते, आणि एक पांढरा चेंडू शब्दाशब्दावर उड्या मारत जातो. ज्या शब्दावर चेंडू, तो शब्द प्रेक्षकांनी म्हणायचा. स्वर लांबवायचा असेल तर चेंडू तिथेच घुटमळतो, पुढचा शब्द पटकन घ्यायचा असेल तर टुणकन उडी.

हा चेंडू काढलेला नव्हता, हे मला फार आवडतं. अख्ख्या कार्टूनमधली तेवढीच एक गोष्ट कार्टून नव्हती. गाण्याच्या ओळी काळ्यावर पांढऱ्या अक्षरांत लिहून एका गोल पिंपासारख्या रुळावर गुंडाळायच्या. एक माणूस लांब काठी घेऊन उभा, काठीच्या टोकाला चकचकीत पांढरा गोळा. काठी आणि तिला धरणारा हात काळ्यात काळे होऊन जायचे, फिल्मवर उमटायचा तो फक्त गोळा. गाणं चालू झालं की तो माणूस तालावर काठी नाचवायचा आणि एक ओळ संपली की रूळ पुढे सरकायचा. म्हणजे त्या चेंडूत एका जिवंत माणसाची लय होती. तो कुठे किंचित आधी पडतो, कुठे रेंगाळतो. आजच्या कराओकेत अक्षरांत डावीकडून उजवीकडे रंग भरत जातो, तो काटेकोर असतो, आणि म्हणूनच त्याच्यामागून गाताना आपण परीक्षेला बसल्यासारखे गातो. चेंडूच्या मागे गाणारा माणूस खेळत असतो.

या मालिकेतली काही कार्टून ली द फॉरेस्टच्या फोनोफिल्म तंत्राने आवाजासकट काढलेली होती. १९२६ सालच्या एका कार्टूनमध्ये तर कुत्रा प्रेक्षकांकडे वळून चार शब्द बोलतो, चेंडूच्या मागे या आणि गा, अशा अर्थाचे. डिस्नेचं 'स्टीमबोट विली' लोकांसमोर आलं ते १८ नोव्हेंबर १९२८ रोजी. 'पहिलं बोलकं कार्टून' म्हणून शाळेच्या प्रश्नमंजूषेत मिकीचं नाव सांगितलं जातं, त्याला ही तळटीप जोडायला हरकत नाही. पण फोनोफिल्मची यंत्रं फार थोड्या थिएटरांत होती. बाकी ठिकाणी पडद्याखाली ऑर्गन वाजवणारा बसायचा आणि तोच चेंडूशी जुळवून घ्यायचा.

कल्पनाही आकाशातून पडलेली नव्हती. त्याआधी वीसेक वर्षं अमेरिकेतल्या छोट्या थिएटरांत रीळ बदलेपर्यंत लोकांना धरून ठेवायला रंगवलेल्या काचा दाखवत. एक गायक गाण्याची कडवी म्हणे, काचांवर गाण्यातली दृश्यं येत, आणि शेवटच्या काचेवर ध्रुवपदाचे शब्द. ते सगळ्यांनी म्हणायचे. गाण्याची छापील प्रत विकणाऱ्या प्रकाशकांची ती जाहिरातच होती.

काचा म्हटल्या की मराठी वाचकाला कल्याण आठवायला हवं. महादेव गोपाळ पटवर्धन यांनी १८९२ साली तिथे 'शांबरिक खरोलिका' सुरू केली. काचेवर रंगवलेली चित्रं, ती एकामागून एक झरझर बदलून हालचालीचा भास, आणि जोडीला निवेदन आणि संगीत. विनायक आणि रामचंद्र हे त्यांचे मुलगे त्यात होते. ल्युमिएरांचा सिनेमा मुंबईत आला १८९६ च्या जुलैत, म्हणजे त्यानंतर चार वर्षांनी. दादासाहेब फाळक्यांनी १९१५ साली आगपेटीतल्या काड्या हलवून 'आगकाड्यांची मौज' केली, प्रभातने १९३४ साली 'जंबूकाका' हे कार्टून काढलं. त्या सुमाराला वसंत देसाई प्रभातमध्येच होते, अभिनय म्हणू नका, गाणं म्हणू नका, पडेल ते काम करत. म्हणजे हलती चित्रं होती, गाणं तर पोत्याने होतं. शब्दांवर उडणारा चेंडू मात्र आपल्याकडे आला नाही.

का आला नाही, याचं एक सरळ उत्तर आहे. वाचणार कोण? १९५१ च्या जनगणनेत देशातली साक्षरता अठरा टक्क्यांच्या आसपास होती. त्यातही कुठली लिपी? झाशीच्या टॉकीजमध्ये देवनागरी चालेल, त्याच चित्रपटाला हैदराबादेत आणि मद्रासेत काय करायचं? ज्यांना वाचता येत होतं त्यांच्यासाठी टॉकीजच्या दारात गाण्यांची चोपडी मिळायची, एक-दोन आण्याला. ती घरी नेऊन पाठ करायची, पेटीत जपून ठेवायची. थिएटरात गाण्याच्या वेळी लोक पडद्यावर पैसे फेकत, शिट्ट्या मारत, गुणगुणतही. पण आता सगळ्यांनी मिळून म्हणा, असं पडद्याने त्यांना कधी सांगितलं नाही. १९६२ च्या युद्धानंतर खेळ संपल्यावर राष्ट्रगीत लागू लागलं तेव्हा लोक उभे राहिले (किंवा दाराकडे पळाले), गायले फार थोडे.

दुसरं उत्तर मला अधिक पटतं. एकत्र गाण्यासाठी आपल्याला लिहिलेल्या शब्दांची गरज कधी पडलीच नाही. कीर्तनात बुवा ओळ टाकतात, टाळकरी ती उचलतात. शाहिराच्या मागे झीलकरी असतात आणि त्यांना पोवाडा वाचावा लागत नाही. इकडे बुंदेलखंडात हरबोले दारोदार फिरून राणीच्या गोष्टी गात. सुभद्राकुमारी चौहान यांनी आपल्या कवितेत त्या गोष्टीचं श्रेय त्यांनाच दिलं आहे, आणि ती कविता उत्तर भारतातल्या पिढ्यान्‌पिढ्यांनी वर्गात उभं राहून एका सुरात म्हटली. शाळेच्या प्रार्थनेचीही रीत तीच. पुढे चार मुलं उभी, ती एक ओळ म्हणणार, मागचं मैदान ती परत म्हणणार. आमचा चेंडू म्हणजे ती पुढे उभी राहिलेली चार मुलं.

आणि त्या मैदानाला गाणी पुरवण्यात वसंत देसाईंइतका हात फार थोड्या संगीतकारांचा असेल. शांतारामबापूंच्या 'दो आँखें बारह हाथ'मधली प्रार्थना (१९५७, शब्द भरत व्यासांचे) त्यांची. हृषिकेश मुखर्जींच्या 'गुड्डी'तली, वाणी जयराम यांनी गायलेली प्रार्थना (१९७१, शब्द गुलजारांचे) त्यांचीच. चित्रपटातली दोन गाणी देशभरातल्या शाळांच्या परिपाठात जाऊन बसली आणि बसलीच. एम. एस. सुब्बुलक्ष्मी यांनी १९६६ साली संयुक्त राष्ट्रसंघात गायलेल्या 'मैत्रीं भजत'ची चालही देसाईंचीच. हे सगळं मुद्दाम सांगतो, कारण 'एक अनेक और एकता'चं गाणं का टिकलं याचं निम्मं उत्तर त्यात आहे. अडलेल्या, बिनतालमीच्या, हजार गळ्यांना एकदम पेलेल अशी चाल बांधणं ही वेगळी विद्या आहे. झेप फार मोठी नको. श्वास घ्यायला जागा ओळीच्या शेवटी हवी, मधे नको. आणि बेसूर गाणारा असला तरी तो गर्दीत झाकला गेला पाहिजे. ऐतिहासिक चित्रपटाला भारदस्त संगीत देणाऱ्यापेक्षा, परिपाठाला चाल देणारा हा दुसरा देसाई मला मोठा वाटतो.

उरलेल्या निम्म्याचं श्रेय विजया मुळे यांना. जन्म मुंबईचा, १९२१ सालचा. लग्नानंतर पाटण्याला गेल्या, तिथे चित्रपटांची गोडी लागली, पुढे इंग्लंडात लीड्सला शिकल्या, परत येऊन केंद्र सरकारच्या शिक्षण खात्यात लागल्या. फिल्म सोसायट्यांचा महासंघ १९५९ साली उभा राहिला, सत्यजित राय त्याचे अध्यक्ष, आणि तो उभारणाऱ्यांत मुळे होत्या. त्यांची मुलगी सुहासिनी हिला लोक 'भुवन शोम'मुळे ओळखतात. आईला ओळखणारे कमी. 'एक अनेक और एकता'चं दिग्दर्शन मुळ्यांचं. चित्रं, रचना आणि अॅनिमेशन भीमसेन यांचं. हे भीमसेन म्हणजे मुलतानहून फाळणीत लखनौला आलेले, फिल्म्स डिव्हिजनमध्ये पार्श्वचित्रं रंगवण्यापासून सुरुवात केलेले, आणि पुढे 'घरौंदा' काढणारे. गाण्याचे शब्द पंडित विनयचंद्र मौद्गल्य यांचे. ते विनायकराव पटवर्धनांचे शिष्य, म्हणजे विष्णू दिगंबर पलुस्करांच्या परंपरेतले, दिल्लीच्या गांधर्व महाविद्यालयाचे संस्थापक. आणि छोट्या मुलीचा तो आवाज साधना सरगम यांचा. तेव्हा त्या साधना घाणेकर, कोकणातल्या दाभोळच्या, वय पाच वर्षांच्या आसपास. त्या वर्षीच्या शैक्षणिक चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार या सात मिनिटांना मिळाला. म्हणजे हिंदी मुलांचं म्हणून जे कार्टून सगळ्या देशाने पाहिलं, ते मराठी हातांनी निम्म्याहून अधिक घडवलेलं आहे. याचा झेंडा मिरवायची गरज नाही, पण माहीत असायला हवं.

हे कार्टून ज्या सरकारी खात्याने काढलं त्या फिल्म्स डिव्हिजनबद्दल दोन शब्द. १९४८ साली स्थापन झालेल्या या खात्याची छोटी रिळं मुख्य चित्रपटाआधी दाखवणं थिएटरांना सक्तीचं होतं. लोक तेवढ्या वेळात शेंगदाणे घेऊन येत. कार्टून विभाग १९५६ चा. तो उभा करायला डिस्नेकडे काम केलेले क्लेअर वीक्स आले, आणि त्यांच्या हाताखाली राम मोहन आणि इतर मंडळी तयार झाली. मुळ्यांचं कार्टून मात्र लोकांच्या लक्षात राहिलं ते थिएटरमुळे कमी, दूरदर्शनमुळे जास्त. दोन कार्यक्रमांच्या मधे वेळ उरला की लावायचं, असं ते वर्षानुवर्षं लागत राहिलं. २०२२ साली फिल्म्स डिव्हिजन एनएफडीसीत विलीन झाली. सक्तीच्या काळातल्या त्या शेकडो रिळांतून लोकांनी आपणहून मागून घेतलेली किती, हा हिशेब कुणीतरी करावा. माझ्या अंदाजाने बोटांवर मोजण्याइतकी.

आता ते कार्टून जरा जवळून पाहू. बागेत मुलं. धाकटा दीदीला विचारतो, अनेक म्हणजे काय? ती सूर्य दाखवते, चंद्र दाखवते, मग तारे. मग जाळ्यात सापडलेल्या पाखरांची, आपल्या पंचतंत्र-हितोपदेशातली, गोष्ट. पारधी दाणे टाकतो, थवा उतरतो, जाळं पडतं. एकेक पाखरू फडफडतं तेव्हा जाळं हलत नाही. सगळी एकदम उडतात तेव्हा जाळ्यासकट वर जातात, आणि उंदीर मित्र ते कुरतडून टाकतात. या जागी भीमसेन यांनी काय केलंय पाहा. जाळं म्हणजे नुसत्या आडव्या-उभ्या रेघा. पाखरंही जेमतेम चार-पाच फटकाऱ्यांची. खर्चाच्या दृष्टीने ही काटकसर आहे, दर सेकंदाला भरमसाट चित्रं काढायला पैसे नव्हते. पण रेघांचं ते जाळं पोटाशी घेऊन थवा वर उचलला जातो, तेव्हा पडद्यावर फक्त एक आकार तिरका सरकत असतो आणि खालून गाण्याचा ताल त्याला रेटत असतो. डिस्नेने तिथे प्रत्येक पिसाला सावली दिली असती. इथे ताल दिला आहे. मग मुलांचं लक्ष झाडावरच्या आंब्यांकडे जातं, एकट्याचा हात पुरत नाही, सगळी मिळून काढतात, आणि गाणं सुरू. पडद्यावर एकही अक्षर नाही. तरी बघणारं पोर तिसऱ्या ओळीला गायला लागतं, कारण पडद्यावर गाणारंही पोरच आहे.

कुरकूर करायचीच तर माझी एक आहे. हे कार्टून १९७४ चं. त्या वर्षी ८ मेपासून रेल्वे कामगारांचा देशव्यापी संप झाला, वीस दिवस चालला, हजारो कामगार तुरुंगात गेले आणि संप मोडून काढला गेला. झाशी हे रेल्वेचं गाव. ज्या सरकारच्या खात्याने सगळ्या पाखरांनी मिळून जाळं उचलण्याची गोष्ट मुलांना सांगितली, त्याच सरकारला तसं उचलू पाहणारी मोठी माणसं त्याच उन्हाळ्यात नकोशी झाली होती. मुळ्यांच्या मनात हे असेल असं मी म्हणत नाही. पण गाण्याच्या शेवटी जी एकता येते ती फार स्वच्छ, इस्त्री केलेली आहे. गोष्टीतल्या पाखरांना पारधी आहे, गाण्यातल्या लोकांना नाही. मुलांना हे खटकत नाही आणि खटकण्याचं कारणही नाही. रेल्वेतून निवृत्त झालेल्या एका आजोबांना मात्र आमच्या कार्यक्रमात ते पाहताना हसू आलं होतं, आणि का हसलात असं विचारल्यावर त्यांनी संपाचंच सांगितलं.

तर मुख्य प्रश्न. ही जुनी गाणारी कार्टून आज चालतात का?

फ्लायशर बंधूंची १९२९ ते १९३८ ची 'स्क्रीन साँग्ज' मालिका शंभराहून अधिक कार्टूनची आहे. बहुतेकांचा साचा एकच. आधी चार मिनिटं विनोद, मग गाणं, पहिल्या कडव्याला चेंडू, दुसऱ्या कडव्याला चेंडूच्या जागी एखादं पात्र शब्दांवर उड्या मारतं, शब्द हलतात, वाकतात, त्यांचे प्राणी होतात. ज्या कार्टूनमध्ये मधेच खरे गायक पडद्यावर येतात ती आजही झकास आहेत. मिल्स ब्रदर्सचं १९३२ चं कार्टून घ्या. चौघे भाऊ, एक गिटार, आणि बाकीची सगळी वाद्यं ते तोंडाने काढतात. ट्रम्पेटचा आवाज येतो तेव्हा आमची पोरं ट्रम्पेट शोधत होती. एथेल मर्मन आहे, बॉस्वेल बहिणी आहेत. हे लोक इतके जिवंत आहेत की त्यांच्यापुढे कार्टूनच फिकं पडतं. इंग्रजी न कळणारी पोरंसुद्धा चेंडू पाहून 'ला ला' करत तालात राहिली, म्हणजे चेंडूला भाषा लागत नाही एवढं तरी कळलं.

फ्लायशर बंधूंना १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला आपल्याच स्टुडिओतून बाहेर पडावं लागलं, आणि त्याच जागी उभ्या राहिलेल्या फेमस स्टुडिओने १९४७ ते १९५१ या काळात ही मालिका रंगीत करून पुन्हा चालवली. ती माझ्या मते नाही टिकत. विनोद एकाच मुशीतले, गाणी जुनी आणि फुकटात मिळणारी, गायकांचा घोळका असा गुळगुळीत की त्यात कुणाचा चेहरा दिसत नाही. शिवाय आज पाहायला मिळतात त्या प्रती टीव्हीसाठी काढलेल्या, रंग उडून लालसर झालेल्या. पुस्तिकेत यांना पाच पानं दिली आहेत. मी दोन दिली असती.

आणि चेंडूच्या या सगळ्याच कार्टूनमध्ये एक अडचण अशी आहे जी इतर जुन्या कार्टूनमध्ये नाही. काळ्या माणसांची, चिन्यांची, ज्यूंची टिंगल त्या काळच्या अमेरिकन कार्टूनमध्ये खच्चून भरलेली आहे, हे आता सगळ्यांना माहीत आहे. नुसतं बघायचं कार्टून असेल तर आपण नाक मुरडून पुढे जाऊ शकतो. इथे चेंडू येऊन त्या शब्दावर बसतो आणि तो शब्द आपल्या तोंडून वदवून घ्यायला बघतो. फ्लायशरांनी १९२६ साली वापरलेलं स्टीफन फॉस्टरचं केंटकीचं गाणं तिथलं राज्यगीत आहे, आणि त्यातला काळ्या लोकांसाठीचा एक शब्द केंटकीच्या विधिमंडळाला १९८६ साली बदलावा लागला. लोकांना तो उभं राहून म्हणावा लागत होता म्हणूनच तर बदलावा लागला. मनात वाचलेल्या शब्दापेक्षा गळ्यातून काढलेल्या शब्दाची जबाबदारी जास्त असते. मुलांच्या कार्यक्रमासाठी निवड करताना या पुस्तिकेने ती कार्टून वगळली आहेत, आणि का वगळली ते त्या त्या ठिकाणी लिहिलं आहे. ते मला योग्य वाटतं. लपवून वगळणं मला चाललं नसतं.

एकट्याने मोबाइलवर ही कार्टून पाहू नयेत, हे माझं ठाम मत आहे. पाहिली तर त्यांतली निम्मी अर्धवट वाटतील, कारण ती अर्धवटच आहेत. चेंडू उडू लागतो त्या क्षणापासून कार्टूनवाल्याने आपलं काम थांबवून प्रेक्षकांवर सोपवलेलं असतं. समोर प्रेक्षक नसले तर पडद्यावर नुसता एक चेंडू उड्या मारत राहतो, तीन मिनिटं, आणि जांभई येते. त्यावरून ते कार्टून जुनं झालं असा निकाल देणं म्हणजे लेझीम पथकाशिवाय लेझमीचा ताल तपासणं. 'एक अनेक और एकता' मात्र एकट्याने पाहिलं तरी चालतं. कारण त्यात गाणारी मुलं आतच आहेत, आपली वाट पाहत थांबत नाहीत, आणि चाल अशी की आपण मागून कधीही सामील व्हावं. माझा कौल त्याला आहे, वरची कुरकूर धरूनही.

आता ज्यांना हे आपल्या गावच्या मंडळात करून बघायचं आहे त्यांच्यासाठी थोडं. इंदूर, ग्वाल्हेर, देवास, बडोदा, जिथे जिथे मराठी घरं आहेत तिथे हे सहज होईल, फार खर्च नाही. सुरुवात मिल्स ब्रदर्सपासून करा. चेंडूची दोनच कार्टून लावा, तिसऱ्याला पोरं उठून पळतात. लाऊडस्पीकर मोठा ठेवा, म्हणजे आपला आवाज कुणाला ऐकू जाणार नाही या भरवशावर मोठी माणसंही गातात. 'एक अनेक'च्या आधी कुणीही भाषण करू नये, अध्यक्षांनी तर नाहीच. आणि मराठी गाण्यावर चेंडू उडवून एखादं कार्टून करायची हौस कुणा होतकरू अॅनिमेटरला आली, तर काळ्या कागदावर पांढरी अक्षरं, काळी काठी आणि पांढरा चेंडू एवढ्यावर काम भागतं. झाशीत पडदा आम्ही देऊ.